सासऱ्यांच्या आवाजाचं कार्ड

फ्यूजरावांना राग यायचा नाही. तो त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. सकाळी दात घासताना तो ब्रशवर निघे, मग दुकानाच्या शटरवर. एखाद्या दिवशी शटर मुकाट्याने वर गेलं, तर ‘मग रोज कुठे मरतोस?’ म्हणून पुन्हा शटरवरच. जिन्याखालच्या त्या चिंचोळ्या दुकानात ते जुने संगणक दुरुस्त करत. नवे नाही, जुनेच. ज्यांच्या पेट्या पिवळ्या पडल्यात, ज्यांचा पंखा दमेकऱ्यासारखा धापा टाकतो आणि ज्यांचे मालक ‘अजून चालतोय की हो’ म्हणताना थोडे लाजतात, असे. ‘फ्यूज’ हे नाव शेजारच्या चष्मेवाल्याने ठेवलेलं. तो म्हणे, “हा माणूस आधी जळतो, म्हणून बाकीची गल्ली शाबूत राहते.” पुढचं ‘राव’ गल्लीने भीतीपोटी जोडलं.

गिऱ्हाइकाशी फ्यूजराव ‘आपण’ म्हणून बोलत आणि मशीनशी ‘अरे-तुरे’. पेटी उघडण्याआधी तिला घसघशीत शिव्या घालायच्या, हा त्यांचा नेम. शिव्या घातल्या की बिघाड सैल होतो, असं त्यांचं शास्त्र. पण सगळ्या शिव्यांचा राजा त्यांनी एकाच शब्दासाठी राखून ठेवला होता. तो शब्द म्हणजे ‘आपोआप’.

“आपोआप फक्त धूळ बसते,” ते म्हणत. “बाकी सगळं कुणीतरी करावं लागतं.”

या वैराला कारण होतं. संगणकाच्या पोटात जी कार्डं खोचलेली असतात, त्यांतल्या प्रत्येकाला मधल्या मेंदूला हाक मारायची तर एक घंटा लागते. घंटा मोजक्याच. जुनी कार्डं आपली घंटा ठरवूनच घरात येत. कार्डावर बारीक सुया असत, त्यांवर मुगाएवढी काळी टोपी बसवायची, की झालं. ही घंटा माझी, मरेपर्यंत माझी. मग नवी कार्डं आली. ती हात हलवत येत आणि ‘द्याल ती घंटा गोड मानून घेऊ’ म्हणत. मशीन एकेकाला विचारी, कोण कोण आहे रे घरात? नवी कार्डं पटकन ‘हजर’ म्हणत. जुनं कार्ड मात्र अशा चौकशीला उत्तरच देत नसे. मशीनला वाटे, या घंटेवर कुणी राहत नाही, आणि ते ती घंटा नव्याला देऊन मोकळं होई. मग एका घंटेला दोन भाडेकरू, आणि दोघंही मुके. वर पडद्यावर दिमाखात पाटी: ‘नवीन हार्डवेअर सापडले’.

“सापडले म्हणे!” फ्यूजराव दातओठ खात. “हरवलं कोणी होतं?”

असं एक जुनं, चौकशीला उत्तर न देणारं कार्ड फ्यूजरावांच्या घरातही होतं. ते म्हणजे त्यांच्या सासऱ्यांचा आवाज.

सासरे उभी हयात लिलाव पुकारत आले होते. जुनं फर्निचर, बुडालेल्या दुकानांचा माल, मोडीत निघालेल्या गाड्या, काहीही. त्यांचा आवाज असा, की हॉलच्या आत बोली लागली तर बाहेर रस्त्यावरचा माणूस दचकून खिशावर हात ठेवी. या गृहस्थांना जावई कधी पसंत नव्हता. “आमच्या मुलीने खिळेठोक्या केला,” असं ते खुद्द खिळेठोक्याच्या तोंडावर सांगत. मग घशात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, गाठीबरोबर आवाजही गेला. पाठोपाठ थरथर सुरू झाली, आधी हातांना आणि मग मानेला. दवाखान्यातून ते मुलीकडेच राहायला आले. मान सारखी खाली-वर, खाली-वर हलत राही. जगात ‘हो’ म्हणायची जी खूण आहे, नेमकी तीच.

पुढचं सांगायलाच नको. केस कापणारा विचारी, “अजून बारीक करू?” मान हले. तुळतुळीत डोकं घेऊन सासरे घरी येत आणि रागाने थरथरत. मान आणखी जोरात हले, आणि बघणाऱ्यांना वाटे, आजोबा खूश आहेत.

लिहायला जावं तर हातातली पेन्सिल मुंग्यांच्या रांगेसारखी धावे. शेवटी फ्यूजरावांनी दुकानातल्या भंगारातून एक बोलणारं कार्ड शोधून काढलं. हातभर लांब, त्यावर आवाज कमी-जास्त करायची खुंटी. एका जाडजूड मशीनमध्ये ते बसवलं, बाहेर डबाभर मोठा स्पीकर लावला आणि दणकट बटणांचा कीबोर्ड दिला, थरथरतं बोट चुकून टेकलं तर न दबणारा. सासऱ्यांनी एका बोटाने टाइप करायचं, कार्डाने बोलायचं. कार्ड बिचारं परक्या मुलखातलं. मराठी असं बोले, जणू काल विमानातून उतरलेला पाहुणा पुस्तकात बघून वाचतोय. पण आवाज दणदणीत होता. सासऱ्यांनी बोलून दाखवलेलं पहिलं वाक्य होतं, “स्पीकर वाकडा बसवलाय.”

फ्यूजराव त्या दिवशी जेवले नाहीत. पण स्पीकर सरळ केला.

मुलाने, म्हणजे फ्यूजरावांच्या मेहुण्याने, मध्यंतरी एक नवा फोन आणून दिला होता. त्यात बोलायची सोय होती, बाईच्या गोड आवाजात. सासऱ्यांचं बोट काचेवर टेकलं की एकदम तीन अक्षरं उमटत. एकदा तो फोन शेजाऱ्याला त्या गोड आवाजात काहीतरी भलतंच बोलला, आणि त्यानंतर फोन कपाटात गेला.

या मेहुण्याला घरात अजून ‘बाळ’ म्हणत. बाळाच्या डोक्यावरचे केस कधीच निरोप घेऊन गेले होते आणि एका मोठ्या कचेरीत त्याच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती. दूरच्या शहरात प्रशस्त घर होतं. स्वभावाने गरीब, बोलायला साखर. फ्यूजरावांना त्याचा राग यायचं मुख्य कारण हेच, की राग यावा असं तो काही करतच नसे.

तर एका शनिवारी बाळ गाडी घेऊन आला. फ्यूजराव दुकानात होते. बाळाने वडिलांच्या खोलीत जाऊन, त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, “बाबा, आता माझ्याकडे राहायला येताय ना कायमचे?”

मान हलली.

बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच तयारी सुरू. एवढं धूड काही गाडीत न्यायचं नाही, त्यातलं बाबांचं लिखाण तेवढं आपल्या लॅपटॉपवर घेऊ, असं त्याने ठरवलं. त्यासाठी तो नेटवर्कचं एक कार्ड घेऊनच आला होता. माणूस शिस्तीचा. सोबतचा कागद वाचला, त्यात सांगितल्याप्रमाणे आधी मशीनचा प्लग काढला, कार्ड खोचलं, प्लग लावला. पडद्यावर पाटी आली: ‘नवीन हार्डवेअर सापडले’. बाळाने ‘पुढे’ दाबलं. पुन्हा ‘पुढे’. मग ‘समाप्त’.

आवाज खरोखरच समाप्त झाला.

सासरे टाइप करत राहिले. पडद्यावर अक्षरं उमटली, स्पीकर मुका. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. बाळ बॅगेत सदरे रचत म्हणाला, “हो बाबा, वाचतो हं नंतर, आधी तुमचे गरम कपडे बघू द्या.” सासऱ्यांनी पडद्याचं बटणच बंद केलं. आयुष्यभर बोली पुकारलेला माणूस तो. बोली ऐकायची असते, वाचायची नसते. वाचणाऱ्याला मान फिरवता येते, कानांना पापण्या नसतात.

शनिवारी रात्री फ्यूजराव दुकानातून परतले तेव्हा घर झोपलेलं होतं. रविवारी सकाळी त्यांना जाग आली ती भांडं आपटण्याच्या आवाजाने. एरवी या वेळी घरभर ‘चहा’ असा धातूचा हुकूम घुमे. आज सासरे स्टीलचा पेला टेबलावर हाणत होते. फ्यूजराव खोलीत आले. भरलेली बॅग दाराशी, बाळ पडदा पुसतोय, आणि मशीनची पेटी उघडी.

“हे कुणी उघडलं?”

“मी, भाऊजी. जरा एक कार्ड घातलं. बाबा येतायत ना माझ्याकडे.”

“कोण म्हणालं?”

“बाबाच. काल विचारलं मी.”

दोघांनी सासऱ्यांकडे पाहिलं. मान हलत होती. डोळे मात्र लिलावात कुणी खोटी बोली लावल्यावर व्हायचे तसे झाले होते.

“हे म्हणाले? कशाने? मानेने? अरे, ही मान पंख्याच्या वाऱ्यालाही हो म्हणते!”

“भाऊजी, मी मुलगा आहे त्यांचा. मला कळतं.”

“यालाही असंच कळतं सगळं!” फ्यूजरावांनी पेटीवर थाप मारली. “विचारायचं एकाला, उत्तर नाही आलं तर आपणच धरून चालायचं. काय केलंस आत?”

“काही नाही हो. मशीन स्वतःच ओळखतं. मी फक्त ‘पुढे, पुढे’ दाबत गेलो.”

“‘पुढे, पुढे’ करत माणसं विहिरीत जातात!”

फ्यूजरावांची बायको दारात आली. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. घरात तापमान वाढलं की तिचा आवाज उलट खाली येई. “दोघं हळू बोला. बाळ, तू किती वाजता निघणार?”

“जेवून. ऊन उतरायच्या आत गाठायचंय ताई. उद्या मला सुट्टी नाही.”

“बाबा तुला ‘येतो’ म्हणाले?”

“मान—”

“मान बाजूला ठेव.” मग ती नवऱ्याकडे वळली. “अहो, याची गाडी सुटायच्या आत बाबांचा आवाज परत आणा. त्यांना जायचं असेल तर जातील. पण तोंडाने सांगून जातील.”

फ्यूजरावांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, आणि त्याच क्षणी एक भलताच विचार त्यांच्या मनात आला. म्हाताऱ्याला खरंच जायचं असलं तर? त्या प्रशस्त घरात, त्या सभ्य मुलाकडे, या तापट जावयापासून लांब? म्हणजे दुपारपर्यंत घाम गाळायचा तो ‘मला इथून ने’ हे ऐकण्यासाठी? या विचाराने त्यांना जो राग आला, तो नेमका कुणावर काढावा ते कळेना. तेव्हा नेमाप्रमाणे त्यांनी मशीनला शिव्या घातल्या.

पहिलं काम सोपं होतं. बाळाचं कार्ड उपटलं. ते अर्थातच सासऱ्यांच्या घंटेवर जाऊन बसलं असणार, आयत्या बिळावर नागोबा. “बघ,” फ्यूजराव म्हणाले, “आता कसं बोलतं ते.”

मशीन सुरू झालं. सासऱ्यांनी एका बोटाने काहीतरी टाइप केलं. स्पीकर मुका.

बाळाने उपटलेलं कार्ड उचलून नीट खोक्यात ठेवलं. त्याचा हा सभ्यपणाच सगळ्यांत वाईट.

फ्यूजरावांनी आतल्या सगळ्या उपकरणांची यादी पडद्यावर काढली. बोलणाऱ्या कार्डाच्या नावापुढे पिवळ्या गोलात उद्गारचिन्ह. नाव पुसलं, मशीन पुन्हा सुरू केलं. नाव परत आलं, उद्गारचिन्हासकट. मग त्यांनी मशीनला आजारी माणसासारखं अर्धं जागं केलं. तसं केलं की पूर्वी कधीतरी बसवून काढलेल्या कार्डांची भुतंही यादीत दिसतात. दोन भुतं निघाली, ती गाडली. मग पोटातली सगळी कार्डं बाहेर काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडली आणि एकेक करून परत बसवायला घेतली. एक बसवायचं, मशीन सुरू करायचं, बंद करायचं, मग दुसरं. दरवेळी तीच पाटी: ‘नवीन हार्डवेअर सापडले’.

“अरे गाढवा, हे जुनंय! तुझ्यापेक्षा जुनंय! याला तू रोज बघतोस!”

सासरे खुर्चीत बसून सगळं पाहत होते. मान हलत होती. फ्यूजरावांना वाटलं, म्हातारा आपल्या शिव्यांना दाद देतोय. मग आठवलं, की ते आपल्याला वाटतंय.

“भाऊजी,” बाळ हळूच म्हणाला, “मी पेटी उघडताना प्लग काढला होता. तसं कागदावर लिहिलं होतं. ते चुकलं का?”

आता यावर काय बोलणार? प्लग काढूनच पेटी उघडायची असते. हे जगातल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याला माहीत असतं, आणि फ्यूजरावांनी मात्र घरातल्या या एका मशीनचा प्लग कुणी काढू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीने पाटी लावली होती: ‘हात लावाल तर हात तोडीन’. वीज गेली तरी सासऱ्यांचा आवाज जाऊ नये म्हणून खाली बॅटरीचा जड ठोकळाही ठेवला होता. मेहुणा बरोबर होता. तळपायाची आग मस्तकात गेली.

“चुकलं नाही!” ते ओरडले. “अजिबात चुकलं नाही! हेच तर चुकलं!”

जेवायची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही. बाळाने घड्याळात पाहिलं, मग बॅगेकडे. बायको चहाचे कप ठेवायला आली आणि पडद्यासमोर थबकली. दुकानात कुठलंही औषध हातात घेतलं की तिची नजर आधी तारखेवर जायची. माणसाकडेही ती तशीच बघते, असं फ्यूजरावांचं मत होतं.

“अहो, याची तारीख बघा.”

“तारखेचं काय घेऊन बसलीस? इथे घंटा सापडत नाही—”

“बघा तर. जानेवारीची एक तारीख, आणि साल बघा. याच्या हिशेबाने आपलं लग्नच झालेलं नाही.”

“तरीच एवढं निवांत पडलंय,” फ्यूजराव म्हणाले आणि बायकोची नजर पाहून पुढचं वाक्य गिळलं. गिळता गिळता ते थांबले. त्यांनी तारखेकडे पाहिलं. मग पेटीच्या आत, बोर्डाच्या कोपऱ्यात, रुपयाएवढ्या चपट्या सेलकडे. मग आपल्याच कपाळावर हात मारून घेतला, तो इतक्या जोरात, की बाळ उठून उभा राहिला.

प्लग काढला तरी मशीनला थोडं काही लक्षात राहतं, ते त्या चपट्या सेलच्या जोरावर. तारीख, वेळ आणि मालकाने घालून दिलेले नियम. हा सेल केव्हाच मेला होता. पण प्लग कधी निघालाच नाही, त्यामुळे भिंतीतल्या विजेवर मशीन सगळं लक्षात ठेवून होतं. गल्लीतल्या प्रत्येक मशीनचा सेल बदलताना ‘हा आधी बघायचा असतो, समजलं?’ असं व्याख्यान देणाऱ्या फ्यूजरावांनी स्वतःच्या घरातला सेल कधी पाहिलाच नव्हता. ‘हात तोडीन’ची पाटीच त्या मेलेल्या सेलवर पांघरूण घालून बसली होती. बाळाने पाटीपेक्षा छापील कागदावर विश्वास ठेवून शिस्तीत प्लग काढला आणि मशीन सगळं विसरलं. फ्यूजरावांनी पूर्वी त्याला सक्त बजावून ठेवलं होतं, की ही घंटा राखीव आहे, ती कुणाला द्यायची नाही. तेही विसरलं. बोर्डावरच कथलाचा डाग देऊन कायमचा बसवलेला एक आयता आवाजाचा भाग होता, त्याला त्यांनी तेव्हा झोपवला होता. तो जागा झाला, ‘हजर’ म्हणाला आणि राखीव घंटेवर ठाण मांडून बसला. त्याला उपटून फेकायचीही सोय नव्हती. म्हणजे बाळाचं कार्ड काढून काहीच होणार नव्हतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला!

“मग चूक कुणाची?” बायकोने विचारलं.

“सेलची!” फ्यूजराव म्हणाले. मग जरा वेळाने, “आणि तो न बदलणाऱ्याची. झालं समाधान?”

मशीन सुरू होतानाच एक बटण दाबून ठेवलं की नियमांचं निळं पान उघडतं. फ्यूजरावांनी ते उघडलं. बोर्डावरच्या आगंतुकाला पुन्हा झोपवलं. पाचवी घंटा राखीव केली. ‘घंटा आपोआप वाटाव्यात का?’ या प्रश्नावर ‘नाही’ असं इतक्या जोरात दाबलं, की बटण दुखावलं असेल. पण सेलशिवाय हे सगळं पुन्हा प्लग निघेपर्यंतच टिकणार. दुकानातले सेल संपलेले, आणि रविवार असल्याने बाजार बंद.

तेवढ्यात टेबलावरून काहीतरी सरकत आलं. बाळाच्या गाडीची किल्ली. तिच्या काळ्या मुठीत बटण दाबून दार उघडायची सोय होती आणि त्यात तसाच चपटा सेल असतो. सासऱ्यांचं थरथरतं बोट ती किल्ली एकेक इंच पुढे ढकलत होतं.

“बाबा, अहो, ती माझी—”

“तुझ्या गाडीचं दार किल्ली फिरवून उघडत नाही का? सगळं जग तसंच उघडतं,” फ्यूजराव म्हणाले. “घेऊ ना हो?” त्यांनी सासऱ्यांना विचारलं. मान हलली. “बघ, हो म्हणाले!”

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की फ्यूजरावांनी नजर किल्लीत खुपसली.

सेल बसला. शेवटचा स्क्रू लागला. मशीन सुरू झालं. कुठलीही पाटी आली नाही, कुणाला काही नवीन सापडलं नाही. सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. एक बोट. टक. टक. टक. सगळे उभे.

“गाढव,” स्पीकर कडाडला.

नाव कुणाचंच घेतलं नव्हतं, पण मुलगा आणि जावई दोघांनीही माना खाली घातल्या.

टक. टक. टक. या बोटाला घाई ठाऊक नव्हती. बाळाने तीनदा काही बोलायला तोंड उघडलं आणि बहिणीने तीनदा हात वर केला.

“बाळ. तुझ्याकडे येत नाही. तुझं घर छान आहे. मला नको.”

फ्यूजरावांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात खोचला. छाती पुढे आली. मेहुण्याकडे पाहावं की नाही, याचा विचार करता करता त्यांनी पाहिलंच. तोवर बोट पुन्हा चालू लागलं होतं.

“इथेही नको.”

फ्यूजरावांची पुढे आलेली छाती परत जागेवर गेली.

“म्हणजे?” बायको म्हणाली.

टक. टक. “दवाखान्यातून सुटलो. तू विचारलंस, बाबा, आमच्याकडे येता ना. मान हलली. मी हो म्हटलं नव्हतं.”

“मग इतक्या वर्षांत सांगितलं नाहीत? हे मशीन होतं की! माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायला बरा आवाज होता!”

“मशीन आलं तोवर या खिडकीचे पडदे शिवून झाले होते. हातोडा पडला की बोली मागे घेत नाहीत.” बोट थांबलं, थरथरलं, पुन्हा निघालं. “काल याने मला पुन्हा लिलावात काढलं. तेव्हा आज माझी बोली माझ्यावर. मला माझ्या खोलीत जायचंय.”

त्यांची खोली म्हणजे लिलावाच्या हॉलमागच्या दोन लहान खोल्या. हॉलच्या मालकाने त्या त्यांच्याच नावावर ठेवल्या होत्या, आणि तिथला पहारेकरी त्यांचा जुना दोस्त होता. पायी गेलं तर घरापासून औषधांच्या दुकानापेक्षाही जवळ.

फ्यूजराव पेटले. “म्हणजे सकाळपासून मी इथे लोळण घेतोय ती तुम्हाला इथून जायचंय हे सांगता यावं म्हणून?”

टक. टक.

“हो.”

हा ‘हो’ मानेचा नव्हता. स्पीकरची कड थरथरली.

बायको उठली. स्वयंपाकघरात भांड्यांचा असा दणदणाट झाला, की तिचा राग या घराने आज पहिल्यांदाच ऐकला. मग ती शिडी घेऊन आली, खिडकीवरचे पडदे काढले, घडी केली आणि वडिलांच्या बॅगेवर आपटले. “न्या. मापाने शिवलेत, तिथे बसणार नाहीत. तरी न्या. आणि जेवायला रोज इथेच यायचं, हे मी विचारत नाहीये. सांगतेय.”

टक. टक. “मीठ कमी घाल.”

दुपारी बाळाची गाडी निघाली, पण उलट्या दिशेने. बाळाने किल्ली फिरवून दार उघडलं. पुढे सासरे, मागे बायको आणि बॅग, आणि त्यांच्या शेजारी मांडीवर संगणकाचा पडदा घेऊन घामाघूम फ्यूजराव. मशीनची पेटी डिकीत. एवढं धूड गाडीत मावतं, हे मेहुण्याच्या आता लक्षात आलं आणि ते त्याने बोलूनही दाखवलं. फ्यूजराव त्यावर हॉल येईपर्यंत बोलत होते.

खोल्यांत कोंदट वास होता, पण पहारेकऱ्याने खिडक्या उघडून ठेवल्या. बाळाने आपल्या हाताने टेबल पुसलं, आणि पुसता पुसता वडिलांकडे न बघता विचारलं, “महिन्यातून एकदा आलो तर चालेल का? आत्ता नका सांगू. मशीन लागल्यावर सांगा.” फ्यूजरावांनी हे ऐकलं आणि मेहुण्यावर रागावण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून वायरींवर रागावले.

सगळं जोडून झालं. मशीन सुरू झालं. तारीख आजची होती. कोपऱ्यात सासऱ्यांची जुनी खुर्ची होती, लाकडी, जड, लिलावात न खपलेली. फ्यूजरावांनी ती उचलून टेबलासमोर आणली.

“इथे ठेवू?”

मान हलली.

खुर्ची टेकवता टेकवता फ्यूजराव थांबले. खुर्ची हातात, पाठ वाकलेली, सकाळपासून पोटात अन्न नाही.

“मान बघत नाही मी,” ते गुरगुरले. “तोंडाने सांगा. आणि लवकर सांगा, कंबर मोडतेय माझी!”

सासरे उभ्या उभ्याच कीबोर्डावर झुकले. एक बोट वर आलं, थरथरलं, अक्षर शोधू लागलं. त्यांना काडीची घाई नव्हती. टक. बराच वेळ काही नाही. टक. फ्यूजराव दात खाऊन खुर्ची पेलत उभे राहिले.

“थोडी डावीकडे,” स्पीकर म्हणाला.